अँथुरियम आणि पीस लिली एकत्र सांभाळताना: जागेपासून खतापर्यंत, क्रमाने

दोन्ही रोपं एकाच दिवशी आणली, एकाच खिडकीत ठेवली, एकाच झारीने पाणी घातलं. दोन-तीन महिन्यांनी त्यातलं एक तग धरून असतं आणि दुसरं माना टाकतं. कोणतं जाणार ते पाणी घालणाऱ्याच्या हातावर ठरतं. हात सैल असेल तर अँथुरियम कुजतं, हात आखडता असेल तर पीस लिली वाळते.

दिसायला ही दोन्ही सख्खी वाटतात. आहेतही एकाच, म्हणजे अळूच्या कुळातली. दोघींच्या ‘फुला’त मधे एक दांडा आणि त्याला कवेत घेणारं एक रंगीत पान असतं. पण जमिनीखाली, खरं तर कुंडीच्या आत, यांचं काही जुळत नाही. अँथुरियमच्या कुळकथेत झाडाच्या खोडाला धरून राहणं आहे, म्हणजे जाड मुळं, भोवती खेळती हवा, पाणी आलं की भिजायचं आणि लगेच सुकायचं. पीस लिली जंगलाच्या तळाशी, ओढ्याकाठच्या कुजलेल्या पाचोळ्यात वाढते. तिची मुळं बारीक, दाट, सतत ओलाव्यात राहणारी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका फरकातून निघतात. म्हणून प्रत्येक पायरीला दोघांसाठी वेगळं काय करायचं ते लिहिलं आहे.

क्रमाचंही एक सांगतो. रोप सुकलं की बहुतेक जण आधी खत घालतात, मग पाणी वाढवतात, मग कुंडी बदलतात आणि शेवटी जागा हलवतात. हा क्रम उलटा आहे. आधी जागा, मग थोडं थांबणं, मग मिश्रण आणि कुंडी, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी खत.

## पायरी १: आपल्याकडे नक्की कोणतं रोप आहे?

हसू नका, पण पांढरं अँथुरियम पीस लिली म्हणून सांभाळणारे मी बरेच पाहिले आहेत. रंगावर जाऊ नका, पान हातात घ्या.

अँथुरियमचं पान जाड, चामड्यासारखं, बदामाच्या आकाराचं असतं. देठाजवळ दोन पाळ्या मागे वळलेल्या दिसतात. फुलाचं पान मेण चोळल्यासारखं चकाकतं आणि बोटाला कडक लागतं. पीस लिलीचं पान लांबट, टोकदार, पातळ. मधल्या शिरेपासून निघालेल्या आडव्या शिरा पानात रुतलेल्या, त्यामुळे पान किंचित चुण्या पडल्यासारखं दिसतं. तिचं फूल पातळ आणि मऊ, मधला दांडा खडबडीत, दाणेदार.

एक अपवाद लक्षात ठेवा. अँथुरियमच्या एका जातीत पानं लांबट असतात आणि फुलाचा दांडा डुकराच्या शेपटीसारखा वळलेला असतो. तेही अँथुरियमच. त्याला अँथुरियमचेच नियम लावायचे.

सावधान: दोन्ही रोपांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, घसा सुजतो. लहान मुलं, मांजर, कुत्रा पोहोचणार नाही अशीच जागा निवडा. छाटणीनंतर हात धुवा, तोवर डोळे चोळू नका. पीस लिली ही खरी लिली नाही. मांजरांच्या मूत्रपिंडांवर उठणारं खऱ्या लिलीचं विष हिच्यात नाही. पण म्हणून ती चघळायला द्यावी असंही नाही.

## पायरी २: जागा ठरवा, रोप आणण्याआधी

दुपारी, उजेड सगळ्यात जास्त असताना, रोप ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवा. कागदाच्या वर साधारण ३० सेंटिमीटरवर हात धरा आणि सावली पाहा.

- सावलीच्या कडा धारदार, बोटं स्पष्ट: हा उजेड दोघांनाही जास्त आहे. मधे पातळ पडदा हवा.
- सावली मऊ, पण हात ओळखू येतो: ही अँथुरियमची जागा. पीस लिलीलाही चालते, किंबहुना फुलं हवी असतील तर तिलाही हीच द्या.
- सावली आहे की नाही असा प्रश्न पडतो: इथे फक्त पीस लिली राहील. पानं देईल, फुलं बहुधा देणार नाही.
- सावलीच नाही: इथे दोन्ही नकोत.

अँथुरियम खिडकीपासून फार तर एक मीटरवर असावं. आपल्या डोळ्यांना खोलीचा कोपरा खिडकीइतकाच उजळ वाटतो, पण डोळे फसवतात. खिडकीपासून मागे जाल तसा उजेड झपाट्याने घटतो. कोवळं सकाळचं ऊन तासभर अंगावर आलं तर अँथुरियमला सोसतं. दुपारचं थेट ऊन नाही सोसत. पानावर आधी फिकट, मग कोरडे तपकिरी डाग पडतात आणि ते परत हिरवे होत नाहीत. पीस लिलीला तर सकाळचं ऊनही बेतानेच.

तापमानाबाबत दोघींचं जवळपास एकमत आहे. १८ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये दोन्ही खुश, १५ च्या खाली वाढ मंदावते, १० च्या खाली इजा होऊ लागते. एसीच्या किंवा हीटरच्या थेट झोतात कोणालाच ठेवू नका.

तपासा: निवडलेल्या जागी दोन्ही कुंड्यांना स्वतंत्र ताटली ठेवता येते का? एकाच लांब ट्रेमध्ये दोन्ही ठेवणं ही सुरुवातीचीच चूक. पीस लिलीला मुळं आणि देठ कुजवणारा बुरशीरोग होतो, तो पाण्याबरोबर कुंडीतून कुंडीत जातो. शिवाय एकीसाठी साचलेलं पाणी दुसरीच्या मुळाशी लागतं. माझं पहिलं अँथुरियम असंच गेलं. ट्रे दिसायला सुरेख होता.

## पायरी ३: घरी आणल्यावर दोन आठवडे काय करायचं नाही

लगेच कुंडी बदलू नका आणि खत घालू नका. रोपवाटिकेतली दमट, मोजूनमापून दिलेली हवा सोडून ते तुमच्या कोरड्या खोलीत आलं आहे. त्याला आधी हवेशी जुळवून घेऊ द्या. एखाद-दुसरं खालचं पान पिवळं पडलं तर पडू द्या.

पण तीन कामं पहिल्याच दिवशी करा.

पहिलं, कुंडीभोवतीचा चकचकीत कागद किंवा बिनभोकाची शोभेची कुंडी काढा. भेट म्हणून आलेली रोपं या कागदातच बुडून मरतात. तळाशी किती पाणी साचलं ते दिसतच नाही.

दुसरं, पानांची मागची बाजू आणि देठांच्या बेचक्या नीट पाहा. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. बारीक जाळं आणि पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके म्हणजे कोळी नावाची सूक्ष्म कीड, अँथुरियमवर ही जास्त. देठाला चिकटलेले तपकिरी खवले म्हणजे खवले कीड. यातलं काहीही दिसलं तर ओल्या कापडाने पुसून काढा आणि रोप इतरांपासून दूर ठेवा. काही दिसलं नाही तरी दोन आठवडे वेगळंच ठेवणं शहाणपणाचं.

तिसरं, कुंडी हातात उचलून तिच्या वजनाचा अंदाज घ्या. हे का, ते सातव्या पायरीत कळेल.

सावधान: पीस लिली विकत घेताना फुलांनी लगडलेली असते आणि घरी ती फुलं गेली की वर्षभर एकही येत नाही. यात तुमचा दोष असेलच असं नाही. विक्रीसाठी वाढवताना तिच्यावर जिबरेलिक ॲसिड (रोपांच्या वाढीचं संप्रेरक) फवारतात. त्याने साधारण ९ ते १२ आठवड्यांत सगळी फुलं एकदम येतात. तो बहर फवाऱ्याचा होता. आपल्या वेळेने फुलायला रोपाला अवधी लागतो. फुलं नाहीत म्हणून घाबरून खत ओतणं हीच पुढची चूक ठरते.

## पायरी ४: दोन वेगळी मिश्रणं

इथे घाई करू नका. पाण्याच्या निम्म्या चुकांचं मूळ चुकीच्या मिश्रणात असतं.

बागेतली माती दोघांपैकी कोणालाही नको. कुंडीत ती घट्ट बसते आणि मुळांची हवा कोंडते.

अँथुरियमसाठी, मापाने:
- नारळाच्या सोडणाचे १ ते २ सेंटिमीटरचे तुकडे: ३ भाग
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा): २ भाग
- परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे): २ भाग
- लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे: १ भाग

पीस लिलीसाठी:
- कोकोपीट: ४ भाग
- परलाइट: २ भाग
- चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं पानखत: २ भाग

कोळसा साधा लाकडाचा घ्या. पेटायला सोपं जावं म्हणून काहीबाही मिसळलेल्या विटा नकोत. परलाइट कोरडं ओतताना धूळ उडते, आधी पाणी शिंपडा.

तयारीतला सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट धुणं. दोन्हींत क्षार असू शकतात, आणि ही दोन्ही रोपं क्षारांना नाजूक आहेत. तुकडे २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, गडद तपकिरी पाणी फेका, पुन्हा भिजवा. पाणी फिकट पिवळसर येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वेळा, हे करा. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट फुलून आठ-नऊ लिटर होते, तेव्हा भांडं मोठं घ्या. तीही कापडात किंवा चाळणीत घालून दोनदा पाण्याने निथळवा. मग मुठीत घेऊन दाबा. बोटांतून थेंब-दोन थेंब आले तर योग्य. धार लागली तर अजून निथळू द्या.

तपासा: मिश्रण रिकाम्या कुंडीत भरा आणि वरून अर्धा लिटर पाणी ओता. अँथुरियमच्या मिश्रणावर पाणी थांबताच कामा नये, ओतताओतता खालून निघालं पाहिजे. पीस लिलीच्या मिश्रणावर क्षणभर तळं झालं तरी चालेल, पण दहा-पंधरा सेकंदांत ते जिरलं पाहिजे. त्याहून जास्त थांबलं तर परलाइट वाढवा.

## पायरी ५: कुंडी

तळाला भोकं असलेली, मुळांच्या गोळ्यापेक्षा व्यासाने ४-५ सेंटिमीटर मोठी कुंडी घ्या, त्याहून मोठी नको. ‘वाढेल तेव्हा वाढेल, आत्ताच मोठी घेऊ’ हा विचार कपड्यांच्या बाबतीत ठीक आहे. कुंडीत मात्र मुळं नसलेला भाग दिवसेंदिवस ओला राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते.

मातीची कुंडी अँथुरियमला बरी, तिच्या भिंतीतूनही पाणी उडून जातं. पीस लिलीला प्लास्टिकची किंवा चकाकीचा थर दिलेली बरी. मातीच्या साध्या कुंडीत ती ठेवलीत तर पाणी घालता घालता तुम्हीच थकाल.

तळाशी खडे किंवा खापरांचा थर घालू नका. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी ही युक्ती उलटं काम करते. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही. मिश्रणाच्या तळाशीच एक भिजट थर धरून राहतं. खड्यांमुळे हा थर वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकातून मिश्रण सांडत असेल तर जाळीचा एक तुकडा पुरे.

## पायरी ६: रोप लावणं

दोन आठवडे झाले, रोप स्थिर आहे, मिश्रण आणि कुंडी तयार आहे. आता हात घाला. आदल्या दिवशी रोपाला पाणी द्या. कोरडी मुळं पटकन तुटतात. कात्री किंवा सुरी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एका रोपावरून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसा. पुन्हा म्हणजे खरंच पुन्हा. अँथुरियमचा जिवाणूजन्य करपा असाच पात्यावरून प्रवास करतो आणि त्याला औषध नाही.

दोघांनाही सामाईक असे टप्पे:

१. कुंडी आडवी करून रोप बाहेर काढा. खोड धरून ओढू नका.

२. मुळांच्या गोळ्याच्या मध्यभागी बोट घाला. लहानपणी ज्यात वाढवलं तो जाळीचा किंवा स्पंजसारखा घट्ट गड्डा तिथे असू शकतो. बाहेरचं मिश्रण सुकलं तरी तो ओलाच राहतो. सहज निघत असेल तर काढा, मुळं त्यात गुंतलेली असतील तर जाळी दोन-तीन जागी कापून सैल करा.

३. मुळं पाहा. पांढरी, मोतिया, टणक म्हणजे निरोगी. तपकिरी, लिबलिबीत, चिमटीत धरून ओढताच वरची साल सुटून आत दोरा उरणारी म्हणजे कुजलेली. ती टणक भागापर्यंत कापा.

इथून रस्ते वेगळे होतात.

अँथुरियम. याचं खोड दरवर्षी थोडं वर चढतं आणि खालची पानं गळत जातात. मग उघड्या खोडावर मुळांची बोंडं किंवा लोंबणारी हवेतली मुळं दिसतात. ती कापू नका, तीच पुढची मुळं आहेत. नवीन कुंडीत रोप इतकं खाली बसवा की ही मुळं मिश्रणात जातील, पण जिथून नवं पान निघतं तो कोंब मोकळा, वर राहील. खोड फारच उंच झालं असेल तर तीन-चार हवेतली मुळं वरच्या भागाला ठेवून खोड कापा आणि वरचा शेंडा वेगळा लावा. उरलेला बुंधा फेकू नका, त्यातून फुटवे येतात. मिश्रणातले सोडणाचे तुकडे मुळांच्या मधे सारताना कुंडी दोन-तीनदा आपटा. वरून दाबू नका, या मिश्रणातली पोकळी हेच त्याचं वैभव आहे.

पीस लिली. ही उंच वाढत नाही, पसरते. गड्ड्यात बऱ्याचदा एक झाड नसून अनेक रोपांची दाटी असते. प्रत्येक भागाला स्वतःची मुळं आणि किमान तीन-चार पानं राहतील असे दोन किंवा तीन भाग करा. एकेक फुटवा सुटा करण्याचा मोह आवरा. सुटी पिल्लं महिनोन्‌महिने बसून राहतात. ती आधी जितकी खोल होती तितकीच खोल लावा. पानांच्या देठांचा तळ मिश्रणात गाडला गेला तर तिथून कूज लागते. कडेने बोटांनी हलकं दाबा.

४. लावून झाल्यावर भरपूर पाणी द्या, तळातून वाहेपर्यंत. ताटलीतलं पाणी ओतून टाका.

५. आठवडाभर नेहमीपेक्षा थोडा कमी उजेड द्या. विभागलेली पीस लिली या काळात माना टाकेल. मिश्रण ओलं असेल तर तिला तशीच राहू द्या. या वेळी पुन्हापुन्हा पाणी घालणारे लोकच तिला मारतात.

थांबा: लावल्यापासून चार आठवडे खत नाही. कापलेल्या मुळांना खताचे क्षार झोंबतात.

## पायरी ७: पाणी

‘आठवड्यातून किती वेळा?’ हा प्रश्न विसरा. त्याचं उत्तर उजेड, कुंडी, मिश्रण आणि हवा ठरवते, वार ठरवत नाही.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती डोळ्यासमोर आणा: माती ओलसर आहे पण चिखल नाही, तिच्यात हवाही आहे. पीस लिलीला कायम वाफसा हवा. अँथुरियमला भिजणं, मग वाफसा, मग जवळजवळ सुकणं, आणि पुन्हा भिजणं असा फेरा हवा.

पीस लिलीचं सोपं आहे. बोट घाला, वरचे १-२ सेंटिमीटर सुकले की पाणी. अँथुरियमला बोट चालत नाही, कारण वरचे सोडणाचे तुकडे दुसऱ्याच दिवशी कोरडे दिसतात आणि आत ओल असते. इथे वजन कामाला येतं. पाणी घालून तासभर निथळल्यावर कुंडी काट्यावर ठेवा आणि आकडा कुंडीवर लिहा. मग रोज वजन करा. सुरुवातीला घट जलद होते, पुढे मंदावते. मंदावली की एक लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढा. खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच ओल दिसली तर आज पाणी घाला. तो आकडाही लिहून ठेवा. दोन-तीन फेऱ्यांनंतर काटा लागणार नाही, हातालाच कळेल.

पाणी घालताना दोघांनाही एकच रीत: थेट मिश्रणावर, सगळीकडून, तळातून वाहेपर्यंत, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ताटली रिकामी. रोज अर्धा पेला घालणं सगळ्यात वाईट. वरचा थर ओला, खालची मुळं कोरडी, आणि क्षार जागच्या जागी.

आता पीस लिलीचं नाटक. तहान लागली की ती अशी कोसळते की पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पाणी मिळालं की काही तासांत उभी. म्हणून काही जण ‘ती पडली की पाणी घालायचं’ असा नियमच करतात. करू नका. प्रत्येक पडझडीत बारीक मुळं मरतात, पानांची टोकं जळतात, आणि पुढे पुढे उठायला तिला जास्त वेळ लागतो. त्याहून मोठा धोका असा की मुळं कुजली तरी ती अगदी अशीच पडते.

तपासा: पीस लिली पडलेली दिसली की आधी कुंडी उचला. हलकी असेल तर तहान, पाणी द्या. जड असेल तर कूज, पाणी थांबवा आणि मुळं पाहा. उचलल्याशिवाय झारीला हात लावू नका.

अँथुरियम असं काही सांगत नाही. जाड पानं आणि जाड मुळं साठ्यावर चालतात. तक्रार बाहेर दिसेपर्यंत आतलं नुकसान होऊन गेलेलं असतं. बोलकी पीस लिली आणि अबोल अँथुरियम शेजारी ठेवले की माणूस बोलकीकडे पाहून दोघांना पाणी घालतो. एवढ्या एका सवयीने सर्वाधिक अँथुरियम जातात.

कोकोपीट एकदा पूर्ण कोरडं झालं की पाणी झिडकारतं. झारीचं पाणी कडेने घरंगळून खाली जातं आणि तुम्हाला वाटतं, भिजलं. अशा वेळी कुंडी पाण्याच्या बादलीत निम्म्यापर्यंत अर्धा तास बुडवून ठेवा.

पाणी कोणतं? साठवलेलं पावसाचं उत्तम. नळाचं रात्रभर उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन उडतं, पण क्षार आणि फ्लोराइड तसेच राहतात. पीस लिलीच्या पानांची टोकं तपकिरी होण्यामागे बऱ्याचदा तेच असतात. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. सॉफ्टनर यंत्रात मिठाने मृदू केलेलं पाणी मात्र कधीच नको.

आणि पानांवर फवारा मारणं सोडा. हवेतला दमटपणा त्याने दहा मिनिटंही टिकत नाही. उलट रात्रभर ओली राहिलेली पानं रोगाला आमंत्रण. दमटपणा हवाच असेल (अँथुरियमला ६० टक्क्यांच्या आसपास आवडतो) तर रोपं जवळ जवळ ठेवा किंवा ह्युमिडिफायर लावा. धूळ ओल्या मऊ कापडाने, सकाळी पुसा.

## पायरी ८: खत

यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण इथे कमी घालून रोप गेल्याचं क्वचितच दिसतं.

पाण्यात विरघळणारं १९-१९-१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम. वाढीच्या दिवसांत अँथुरियमला दर १५ दिवसांनी, पीस लिलीला महिन्यातून एकदा. तिच्या मिश्रणात गांडूळखत आहेच. थंडीत नवी पानं थांबली की दोघांचंही बंद. कोरड्या मिश्रणावर खत कधीही ओतू नका, आधी साधं पाणी. आजारी रोपाला खत देणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला आग्रह करून जेवू घालणं.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडू लागला तर मॅग्नेशियम कमी पडत असेल. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), महिन्यातून एकदा, दोन-तीन महिने. जुनी पानं सुधारणार नाहीत, नव्यांकडे पाहा.

## पायरी ९: फुलांसाठी

मोठ्या झालेल्या अँथुरियमला प्रत्येक नव्या पानाच्या बेचक्यात एक फूल येऊ शकतं. नवं पान नाही तर फूल नाही, इतका हिशेब सरळ आहे. पानं येत आहेत पण फुलं नाहीत, तर उजेड कमी आहे. खिडकीकडे अर्धा मीटर सरकवा आणि दोन नवी पानं येईपर्यंत वाट पाहा.

पीस लिलीलाही उजेडच हवा, पण तिला दाटी चालते. दरवर्षी कुंडी बदलू नका. मुळं भोकातून डोकावू लागली किंवा पाणी घातल्यावर दुसऱ्याच दिवशी पडू लागली की बदला.

दोघांचीही फुलं जुनी झाली की हिरवी होतात. तो रोग नाही, वय आहे. आवडत नसेल तर दांडा तळाशी कापा. पीस लिलीचा पांढरा भुगा, म्हणजे पराग, पानांवर सांडत असेल तर फूल ठेवून फक्त मधला दांडा काढता येतो.

## पायरी १०: बिघडलं तर

अँथुरियमच्या पानाच्या कडेला पाणी भरल्यासारखे डाग, भोवती पिवळी किनार, आणि ते आत सरकत आहेत: हा जिवाणूजन्य करपा. ते पान देठासकट काढून बंद पिशवीत टाका, रोप वेगळं ठेवा, पान ओलं होऊ देऊ नका. डाग दुसऱ्या-तिसऱ्या पानावर आले किंवा खोडापर्यंत पोहोचले तर रोप मिश्रणासकट टाकून द्या. कुंडीही. जीव तुटतो, पण शेजारचं वाचतं.

पीस लिलीच्या मिश्रणावर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर वरचा थर सतत ओला आहे. थोडा जास्त सुकू द्या.

मुळं कुजलेली आढळली तर पायरी ६ प्रमाणे कापा, उरलेली वाहत्या पाण्याखाली धुवा आणि ताज्या मिश्रणात लावा. जुनं मिश्रण परत वापरू नका. मुळं निम्मी गेली असतील तर कुंडी आधीपेक्षा लहान घ्या आणि पानंही त्या प्रमाणात कमी करा. सगळ्यात जुनी आधी. फुलं असतील तर सगळी काढा. मग रोपावर पारदर्शक पिशवी सैल घाला, रोज थोडा वेळ उघडा, उन्हापासून दूर ठेवा. आठवड्यातून एकदाच वजन करा. मधे मधे उपटून मुळं फुटली का ते पाहू नका. मधलं नवं पान उलगडू लागलं की मुळं लागली असं समजा आणि पिशवी आठवडाभरात हळूहळू काढा.